साडेबारा टक्के

ट्रेडचं नाव कोपा.
बाबांनी फॉर्म उलटा धरून सुलटा केला,
म्हणाले, "कोनावर कोपाचाय गो?"
मी म्हटलं, कॉम्प्युटर ऑपरेटर ॲण्ड –
तोवर स्कूटर घणसोलीच्या नाक्याला पोचली होती.

लॅबच्या दारात चपला काढायच्या.
मशीन वीस, चालू चौदा, आम्ही चोवीस.
पहिले दोन महिने मी झुबेरच्या खांद्यावरून शिकले.
खांद्यावरून शिकलेलं जास्त टिकतं,
हे अभ्यासक्रमात कुठे लिहिलेलं नाही.

गवस सरांनी पहिल्या दिवशी काहीच सुरू केलं नाही.
एक सीपीयू टेबलावर आडवा पाडला, झाकण काढलं,
म्हणाले, नारळबिरळ नको,
आधी धूळ पुसा.
मग रॅमच्या सोनेरी दातांवरून खोडरबर, हलक्या हाताने,
पाच रुपयांचं, शाळेतलं.
दोन्ही कडांना टक्, टक्,
आणि तीन महिने गप्प पडलेलं मशीन
एकदाच बीप म्हणालं.
एक बीप म्हणजे ठीक.
तीन म्हणजे पुन्हा काढा, पुन्हा बसवा.
त्या दिवसापासून आई भांडी आपटते
तेही मी मोजते.

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
तुर्भ्याच्या बसमध्ये ओठ हलवत पाठ करताना
शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठल्या देवीचं गं?
आठ तारा. एक चुकली
तर तेवढीच बाहेर काढता येत नाही,
डोकंच छाटायचं, पुन्हा सोलायचं.
मी नऊ डोकी वाया घालवली.
दहाव्याला टेस्टरवर दिवे लागले, एक ते आठ, रांगेने,
आणि मी कुणाला सांगावं ते न कळून
खिडकीशी जाऊन उभी राहिले.

एक्सेल उघडलं तेव्हा
मला मिठागर दिसलं.
तेच खण, त्याच बांधासारख्या रेघा,
फक्त पाणी नव्हतं.
सर म्हणाले, टक्केवारी काढा, कसलीही.
कुणी मार्कांची काढली, कुणी जीएसटीची.
माझ्या बोटांनी विचारलंच नाही मला.
वर सी-एकमध्ये साडेबारा टक्के.
ए-दोनमध्ये आजोबांची जमीन, गुंठ्यांत.
"साडेबाराच का, मढवी?"
मागच्या बाकावरचे पाच जण हसले,
गोठिवली, तळवली, दिवे, राबाडे, आणि एक माझाच चुलतभाऊ.
बाकीच्यांना विनोद कळला नाही.
सरांनाही लगेच नाही. ते सावंतवाडीचे.

एंटर.
आकडा लहान आला.
मी दोनदा तपासला; फॉर्म्युला बरोबर होता.

मग खाली भावकी लिहिली, नावाने,
हरिश्चंद्र, पोसू, नामा, बाळ्या, धर्मी आत्या धरून,
आणि फॉर्म्युला ओढला तर सगळीकडे शून्य.
सर मागून वाकले,
आता त्यांना कळलं असावं, कारण आवाज खाली आणून म्हणाले,
"डॉलर लाव.
खाली ओढताना टक्केवारी हलता कामा नये."

मी डॉलर लावला.
टक्केवारी हलली नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर घाम पुसत होते.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक म्हणजे?
मशीनचा स्वतःचाच पत्ता, सर.
स्वतःला हाक मारून बघायची.
आणि उत्तर नाही आलं तर?
मला येत होतं, पण मी थांबले,
त्यांनी तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला.

निकाल लागला, दुसऱ्या श्रेणीचं सर्टिफिकेट
आईने कपाटात साड्यांखाली ठेवलं.
बाबा काही बोलले नाहीत.
रात्री जेवणं झाल्यावर
पोटमाळ्यावरून फाइल काढून आणली,
लाल दोरी, कोपरे वाळवीने कुरतडलेले,
नोटिसा, पावत्या, अर्जांच्या कार्बन प्रती,
जन्मापूर्वीच्या तारखा.
माझ्यासमोर ठेवली, स्वतः उभेच राहिले.
"ह्या सगला तुझे खनांन भरशील का गो?"

मी पदर नव्हता म्हणून ओढणी घेतली.
आधी धूळ पुसली.